शस्त्रक्रियेऐवजी जीवनशैलीचा मार्ग निवडल्यावर उमेद कशी टिकवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, सुरुवातीचे वजन ११२ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३९. रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर, रक्तदाबासाठी गोळ्या चालू, गुडघेदुखी आणि रात्री मोठ्याने घोरणे. शल्यचिकित्सकांनी बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठीच्या, शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवला होता, परंतु प्रश्नकर्त्यांनी आहार, व्यायाम आणि दिनक्रम बदलण्याचा मार्ग स्वीकारला. पहिल्या चार महिन्यांत ९ किलो वजन उतरले आणि त्यानंतरचे सहा आठवडे काटा जागचा हललेला नाही. घरचे म्हणतात, ‘एवढे हाल करून घेण्यापेक्षा ऑपरेशन करून मोकळे व्हा.’ सुरुवातीचा हुरूप आता राहिलेला नाही. तो परत कसा आणावा आणि टिकवावा कसा, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास हुरूप ओसरणे हे लठ्ठपणाच्या उपचारात आम्हाला नेहमी दिसते आणि त्यामागे ठरावीक कारणे असतात. ती ओळखून एकेक हाताळली, तर हुरूप नसलेल्या दिवशीही काम चालू राहते. ज्यांचे उतरलेले वजन वर्षानुवर्षे आटोक्यात राहिले आहे, अशी माणसे सदैव उत्साही असतात असे मला आढळलेले नाही. त्यांनी आपला दिवस असा लावून घेतलेला असतो, की उत्साहावर कमीत कमी विसंबावे लागावे. त्यामुळे हुरूप परत आणण्याआधी, सर्वांत कंटाळवाण्या आठवड्यातही तुमच्याकडून कोणती कामे होतील, याचा विचार आपण करू.

प्रथम तुमच्या ९ किलोंबद्दल. ११२ पैकी ९ म्हणजे सुमारे ८ टक्के. अमेरिकेतील ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या चाचणीत तुमच्यासारख्याच, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ व्यक्ती सहभागी होत्या आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जीवनशैली बदलणाऱ्या गटाला दोनच लक्ष्ये दिली होती: वजन ७ टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे झपाझप चालण्याइतका व्यायाम करणे. केवळ सर्वसाधारण सल्ला आणि औषध नसलेली गोळी मिळालेल्या गटाच्या तुलनेत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले; मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. आणि हे सारे सरासरी ५.६ किलो वजन कमी होऊन साधले होते. तुम्ही आजच त्या लक्ष्याच्या पुढे आहात. गुडघ्यांचा झिजेचा संधिवात असलेल्या स्थूल व्यक्तींवरील २००५ च्या एका अभ्यासात असे आढळले, की शरीराचे वजन १ किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने घटतो. तुमच्या ९ किलोंचा हिशेब त्यावरून केला तर प्रत्येक पावलाला सुमारे ३६ किलो भार हलका झाला आहे. मनाची समजूत काढण्यासाठी मी ही आकडेमोड देत नाही. जे मिळाले आहे ते नेमके किती आहे हे माहीत नसेल, तर माणूस ते सहज सोडून देतो, आणि हे सोडून देण्यासारखे मुळीच नाही.

आता काटा का थांबला, ते पाहू. सुरुवातीच्या आठवड्यांत उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी झाले की तो साठा उतरतो, पाणी निघून जाते आणि काटा भराभर खाली येतो. तो वेग पुढे टिकणे शक्यच नसते. त्यानंतर दोन बदल एकाच वेळी घडतात. शरीर लहान झाल्यामुळे त्याला लागणारी ऊर्जा घटते आणि भूक मात्र वाढते. पहिला बदल बहुतेकांना ठाऊक असतो, दुसऱ्याची ताकद फारशी कोणाला ठाऊक नसते.

अमेरिकी संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या बाबतीत फार बोलके आहे. त्यांनी मधुमेहावरील अशा एका औषधाच्या चाचणीतील आकडे अभ्यासले, ज्याने लघवीवाटे रोज थोडी साखर बाहेर टाकली जाते. म्हणजे सहभागी व्यक्तींच्या शरीरातून उष्मांक जात होते, पण त्यांना ते जाणवत नव्हते आणि त्यांनी कोणतेही पथ्य आरंभलेले नव्हते. तरीही घटलेल्या प्रत्येक किलोमागे त्यांचे रोजचे खाणे सुमारे १०० किलोकॅलरीने वाढत गेल्याचे दिसले. ऊर्जेच्या खर्चातील घट याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होती. हा आकडा तुमच्या ९ किलोंना लावून पाहा. पूर्वीइतकेच खाऊन थांबायचे म्हटले, तरी शरीर दिवसाला सुमारे ९०० किलोकॅलरी जास्त मागत आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की वजन घटल्यावर पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन कमी होते, भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते आणि वजन उतरवल्याला एक वर्ष लोटले तरी हे बदल पूर्ववत झालेले नसतात.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ‘माझा निग्रह संपला’ असे तुम्हाला वाटते, तेव्हा प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात जितका निग्रह पुरत होता, त्याहून किती तरी अधिक निग्रह आज केवळ आहे तिथे उभे राहण्यासाठी खर्ची पडत आहे. वजन सहा आठवडे १०३ वर स्थिर राहिले, यात तुमचे रोजचे काम आहे. ते काम थांबले असते तर काटा वर गेला असता. मला तुमच्या पत्रातील सर्वांत आश्वासक बाब हीच वाटते.

म्हणून माझी पहिली सूचना थोडी अनपेक्षित वाटेल: पुढचे आठ आठवडे वजन कमी करण्याचे उद्दिष्ट बाजूला ठेवा आणि १०३ किलोंच्या आसपास, एक-दीड किलो इकडे तिकडे, स्थिर राहण्याचे उद्दिष्ट घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासात २६७ महिलांच्या दोन गटांपैकी एका गटाला आधी आठ आठवडे वजन स्थिर राखण्याची कौशल्ये शिकवली आणि त्यानंतर वजन कमी करायला लावले. दुसऱ्या गटाने नेहमीप्रमाणे आधी वजन उतरवले. दोन्ही गटांचे वजन सारखेच उतरले, पण पुढच्या वर्षभरात पहिल्या गटाचे सुमारे १.४ किलो परत वाढले, तर दुसऱ्याचे सुमारे ३.३ किलो. वजन टिकवणे हे वजन उतरवण्याहून वेगळे कौशल्य आहे आणि तुम्हाला ते पुढे आयुष्यभर लागणार आहे. आता काटा थांबलाच आहे, तर हा काळ ते शिकण्यासाठी वापरा. ठरवून घेतलेल्या थांब्यात माणूस हरल्यासारखा वागत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ.

या आठ आठवड्यांत पहिले दोन आठवडे खाल्लेले सर्व काही पुन्हा लिहून काढा. पहिल्या महिन्यात तुम्ही हे केले असेल आणि नंतर ‘आता अंदाज आला आहे’ म्हणून सोडले असेल, अशी माझी अटकळ आहे, कारण बहुतेक सर्वजण तेच करतात. अंदाज दर आठवड्याला थोडा थोडा सैल होत जातो, आणि वर सांगितलेली वाढीव भूक तो नेहमी एकाच दिशेने सैल करते. लिहिताना स्वतःला गुण देऊ नका. केवळ काय, किती आणि किती वाजता, एवढेच लिहा. त्यानंतर कोणत्या वेळी भूक अनावर होते ते पाहा. दिवसभर फार कमी खाऊन संध्याकाळी ताबा सुटणे हा मला सर्वाधिक दिसणारा प्रकार आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे दिवसाच्या पहिल्या भागात पुरेशी प्रथिने आणि तंतुमय पदार्थ खाणे. शक्य तितके अन्न घरी शिजवलेले किंवा कमीत कमी प्रक्रिया केलेले असावे, याला भक्कम आधार आहे. केविन हॉल यांच्याच २०१९ मधील प्रयोगात २० व्यक्तींना दोन-दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि प्रक्रिया न केलेले असे दोन्ही आहार हवे तितके खाऊ दिले, तेव्हा पहिल्या प्रकारच्या आहारावर त्याच व्यक्ती दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होत्या. कोणते ‘डाएट’ श्रेष्ठ, या वादात मात्र वेळ घालवू नका. कमी चरबीचा आणि कमी कर्बोदकांचा आहार यांची ६०९ व्यक्तींमध्ये वर्षभर तुलना करणाऱ्या २०१८ मधील चाचणीत दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच उतरले. तुम्हाला वर्षभर निभावता येईल तो आहार तुमचा.

आता मनाकडे वळू. सुरुवातीला तुम्हाला दोन गोष्टी पुढे नेत होत्या: दर आठवड्याला खाली येणारा आकडा आणि भेटणाऱ्या प्रत्येकाचे ‘किती बारीक दिसता!’ हे शब्द. काटा थांबताच पहिली गोष्ट बंद झाली, आणि लोकांना तुमचे नवे रूप सवयीचे झाल्यामुळे दुसरीही आटली. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर रॉथमन यांनी या बाबतीत मांडलेला विचार मला रोजच्या कामात फार उपयोगी वाटतो. नवी वागणूक सुरू होते ती पुढे काय मिळेल या अपेक्षेवर. ती टिकते मात्र जे मिळाले त्याबद्दलच्या समाधानावर. अपेक्षा ९० किलोंची असेल, तर १०३ वर समाधान वाटणार नाही आणि वागणूक गळून पडेल. त्यामुळे समाधान मोजण्याची साधने बदलावी लागतात.

वजनकाटा फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’मध्ये किमान १३.६ किलो वजन उतरवून किमान एक वर्ष ते टिकवलेल्या हजारो व्यक्तींची नोंद आहे, आणि त्यांपैकी सुमारे ७५ टक्के व्यक्ती आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी, तेवढे पुरे. कारण पाणी, मीठ, मलावरोध आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळी यांमुळे एक-दोन किलोंचा चढउतार काही दिवसांत सहज होतो आणि त्याचा चरबीशी संबंध नसतो. परंतु काट्याच्या शेजारी आणखी पाच नोंदी ठेवा. कमरेचा घेर महिन्यातून एकदा. जिन्याचे किती मजले न थांबता चढता येतात. खुर्चीतून हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उठता येते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी, आणि घरी घेतलेला रक्तदाब. काटा थांबलेल्या काळात यांतील काही आकडे सुधारत राहतात, विशेषतः व्यायाम चालू असेल तर, आणि तेच खरे कामाचे आकडे आहेत. तुम्ही हा मार्ग धरलात तो मधुमेह टाळण्यासाठी आणि गुडघ्यांसाठी; काट्यावरचा आकडा ही त्याची एक खूण आहे.

तुमच्या पत्रात घोरण्याचा उल्लेख ओझरता आला आहे, पण माझे लक्ष तिथेच सर्वांत जास्त वेळ थांबले. मोठ्याने घोरणे, बीएमआय ३५ च्या वर आणि उच्च रक्तदाब हे तीन एकत्र असतील, तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार, ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, तपासून घेणे आवश्यक आहे. या विकारात माणूस रात्रभर अंथरुणात असतो, तरी मेंदूला विश्रांती मिळत नाही. सकाळी डोके जड, दुपारी डुलक्या, संध्याकाळी व्यायामाचा विचारही नको, आणि गोड किंवा तळलेल्या पदार्थांची ओढ. हे सारे माणूस ‘माझ्यात इच्छाशक्ती नाही’ या खात्यात टाकतो. झोपेत दाबाने हवा देऊन श्वासमार्ग खुला ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा उपचार सुरू झाल्यावर ज्यांची ‘गेलेली इच्छाशक्ती’ काही आठवड्यांत परत आली, असे रुग्ण आमच्या क्षेत्रातील प्रत्येकाने पाहिलेले आहेत. विकार नसला, तरी झोपेचा मुद्दा शिल्लक राहतोच. पथ्यावर असलेल्या व्यक्तींना एकदा ८.५ तास आणि एकदा ५.५ तास झोपेची संधी देऊन शिकागोमध्ये २०१० साली एक छोटा प्रयोग झाला. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले, परंतु कमी झोपेच्या काळात त्यातील चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला आणि स्नायूंची हानी वाढली. भूकही जास्त लागत होती. तेव्हा सात तासांपेक्षा कमी झोपत असाल, तर आहारात आणखी कपात करण्याआधी झोप दुरुस्त करा. त्याच भेटीत थायरॉईडची तपासणी करून घ्या, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, कारण स्टेरॉइड, मनोविकारांवरील काही औषधे आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या वजन उतरू देत नाहीत. आणि मन सतत उदास राहत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर तेही स्पष्ट सांगा. नैराश्यावर उपचार करावे लागतात, ते उमेदीच्या गोष्टी सांगून जात नाही.

दिनक्रम बांधताना ‘आता रोज व्यायाम करीन’ असा संकल्प फारसा टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलेली रीत अधिक भरवशाची आहे: अमुक प्रसंग आला, की मी तमुक करीन, असे आधीच ठरवून ठेवायचे. ‘कामावरून आल्यावर बूट काढण्याआधी वीस मिनिटे चालून येईन.’ ‘बैठकीत खायला समोर आले, तर आधी पाणी पिईन आणि एकच उचलीन.’ निर्णय शांत डोक्याने आधी झालेला असल्यामुळे दमलेल्या क्षणी नव्याने वाद घालावा लागत नाही. याच्या जोडीला प्रत्येक सवयीची एक किमान पातळी ठरवा, जी तापाचा दिवस सोडला तर कोणत्याही दिवशी जमेल: दहा मिनिटे चालणे, एका जेवणाची नोंद, ठरलेल्या वेळी दिवा मालवणे. बऱ्या दिवशी याहून जास्त होईलच. लंडनमधील संशोधिका फिलिपा लॅली यांच्या २०१० मधील अभ्यासात एखादी सवय आपोआप घडू लागण्यास साधारण ६६ दिवस लागले, पण व्यक्तीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा होता. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे ऐकून ज्यांनी पंचविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवले, अशा सर्वांना हा आकडा कळायला हवा. त्याच अभ्यासात हेही दिसले, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात लक्षणीय खंड पडत नाही.

या चुकलेल्या दिवसाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या मते बहुतेकांचा मार्ग इथेच सुटतो. पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी खाण्यावर कडक बंधन घालणाऱ्या व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशा व्यक्तींना प्रयोगात आधी मिल्कशेक प्यायला दिले आणि नंतर आइस्क्रीम हवे तितके घेऊ दिले, तर ती माणसे, काहीच न दिलेल्या वेळेपेक्षा जास्त आइस्क्रीम खात असत. पोट भरलेले असूनही जास्त, कारण ‘पथ्य मोडलेच आहे, मग आता कशाला थांबायचे’ असा विचार आत चालू असे. एका समारंभातील जास्तीच्या ८०० किलोकॅलरींनी तुमचे वजन फार तर १०० ग्रॅमने वाढेल. त्यानंतरच्या ‘सोमवारपासून पुन्हा सुरू करू’ या चार दिवसांनी मात्र खरे नुकसान होते. म्हणून नियम एवढाच ठेवा, की पुढचे जेवण नेहमीचे. उपास नको, दुप्पट व्यायाम नको, भरपाई नको. भरपाई केली की शरीर पुन्हा उपाशी राहते आणि पुढच्या ताबा सुटण्याची तयारी होते. थोड्या वेळात खूप खाणे, खाताना थांबता न येणे आणि नंतर तीव्र लाज वाटणे, असे आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा होत असेल, तर तो खाण्याचा विकार असू शकतो. त्यासाठी मानसोपचार उपलब्ध आहेत आणि ते वजन कमी करण्याच्या प्रयत्नांआधी घ्यावेत.

व्यायामाबद्दल थोडक्यात. वजन उतरवण्यात त्याचा वाटा लोकांना वाटतो त्याहून लहान असतो, पण उतरलेले टिकवण्यात फार मोठा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवला आहे. तुम्ही केवळ चालत असाल, तर ताकदीचे दोन दिवस आजपासून जोडा. उतरणाऱ्या वजनाचा साधारण चौथा भाग चरबीव्यतिरिक्त, मुख्यतः स्नायूंचा असतो, आणि तो वाचवण्याचा याहून चांगला उपाय नाही. गुडघे दुखत असल्यामुळे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीच्या स्नायूंपासून सुरुवात करावी.

एकट्याने हे निभावणे फार अवघड आहे. वर उल्लेख केलेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या चाचणीत पहिल्या २४ आठवड्यांत मार्गदर्शकाबरोबर १६ बैठका होत आणि त्यानंतरही भेटी चालू राहत. त्या ५८ टक्क्यांमागे आहार आणि व्यायामाइतकाच या नियमित भेटींचा हात आहे, असे माझे ठाम मत आहे. तुम्हाला महिन्यातून किमान दोनदा कोणाला तरी नोंदी दाखवता आल्या पाहिजेत: आहारतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका, डॉक्टर, किंवा त्याच वाटेवरचा एखादा सहप्रवासी. घरच्यांशीही बोला. ‘ऑपरेशन करून मोकळे व्हा’ यामागे बहुधा तुमची दमछाक न बघवणे असते. त्यांना तुमचे कमी झालेले आकडे दाखवा आणि एक-दोन नेमक्या गोष्टी मागा: खाण्यावर टोकणे बंद करावे, संध्याकाळचे चालणे सोबत करावे. ‘मला साथ द्या’ ही मागणी इतकी मोघम असते, की प्रेमाची माणसेही त्यावर काय करावे या संभ्रमात राहतात.

शस्त्रक्रियेबद्दल मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण अर्धवट माहितीवर उभी असलेली उमेद पहिल्या धक्क्यात ढासळते. ज्यांचा बीएमआय फार जास्त आहे, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया प्रभावी आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांचे वजन वीस वर्षांनीही सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते आणि त्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी राहिले. जीवनशैलीने इतकी घट सरासरीने होत नाही. मधुमेह असलेल्या ५,१४५ व्यक्तींच्या ‘लुक अहेड’ चाचणीत सघन मार्गदर्शन मिळालेल्या गटाचे वजन पहिल्या वर्षी ८.६ टक्क्यांनी उतरले आणि आठ वर्षांनी ही घट ४.७ टक्क्यांवर आली. मात्र त्या गटातील सुमारे निम्म्या व्यक्तींनी आठ वर्षांनंतरही ५ टक्के किंवा अधिक घट राखली होती. दुसऱ्या बाजूने, शस्त्रक्रियेनंतर ‘मोकळे’ कोणीच होत नाही. आयुष्यभर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम घ्यावे लागते, तपासण्या कराव्या लागतात, आणि आहार-व्यायामाची घडी बसली नाही तर वजन परत चढते. त्यामुळे तुम्ही आज शिकत आहात त्यातले काहीही, पुढे कोणताही निर्णय झाला तरी, वाया जाणार नाही.

तुम्ही शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने नाकारलीत, हे एकदा कागदावर लिहा. केवळ भीतीने नाकारली असेल, तर ती भीती शल्यचिकित्सकांशी बोलून तपासून पाहा, कारण भीतीपासून दूर पळण्याचा हुरूप भीती ओसरली की संपतो. मला माझ्या सवयी समजून बदलायच्या आहेत, माझ्या गरजेइतका लाभ या मार्गाने होत आहे, असे कारण असेल, तर ते कठीण आठवड्यांतही उपयोगी पडते. जीवनशैली आणि शस्त्रक्रिया या दोन टोकांमध्ये औषधांचाही पर्याय आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला. शरीराची वाढीव भूक औषधाने शमवणे ही लबाडी नव्हे, तो वैद्यकीय उपचार आहे. तुम्हाला तो योग्य आहे का, हे तुमच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर ठरवायचे.

पुनर्विचाराची वेळही आजच ठरवून ठेवा, म्हणजे रोज सकाळी तोच प्रश्न नव्याने छळणार नाही. आठ आठवडे वजन स्थिर ठेवा, त्यानंतर चार महिने पुन्हा उतरवण्याचा प्रयत्न करा, आणि मग सर्व नोंदी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. तुमचा बीएमआय आता जवळपास ३६ आहे, म्हणजे २०२२ मधील आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार शस्त्रक्रियेचा पर्याय तुमच्यासाठी खुला आहे आणि तो काही महिन्यांत निसटून जाणार नाही. तोपर्यंत एचबीए१सी मधुमेहाच्या पातळीत शिरले, स्लीप ॲप्निया तीव्र निघाला, किंवा वजन मोठ्या प्रमाणात परत चढले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आणि उठताना चक्कर येत असेल किंवा घरी मोजलेला रक्तदाब सातत्याने कमी लागत असेल, तर लगेच डॉक्टरांना भेटा: वजन उतरल्यावर रक्तदाबाच्या गोळीची मात्रा कमी करावी लागते, ती स्वतःहून बदलू नये.